कात टाकताना

प्रस्तावना

शेताच्या बांधावर किंवा दगडांच्या फटीत अडकलेली सापाची कात तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. भिंतीवरची पालही कात टाकते, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. याचे कारण साधे आहे. साप आपली कात मागे सोडून जातो. पाल बहुधा ती खाऊन टाकते.

पालीच्या कुळातील काही प्राणी जगाच्या अनेक भागांत हौसेने पाळले जातात. असा प्राणी लहान असताना त्याची कात नीट उतरली नाही, तर त्याचे बोट झडते, क्वचित डोळाही जातो. अशा वेळी पाळणाऱ्याने काय करावे आणि काय करू नये, याचे विवेचन प्रस्तुत पाठात केले आहे. पाठ शास्त्रीय विषयावरचा असला, तरी तो भाषेचा पाठ आहे. माहिती क्रमाने कशी मांडावी, कारण आणि परिणाम यांची सांगड कशी घालावी, सूचना नेमक्या शब्दांत कशा द्याव्यात, हे तुम्हांला त्यातून शिकायचे आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला –
• कात टाकण्याची क्रिया स्वतःच्या शब्दांत सांगता येईल;
• कात अडकण्याची कारणे व तिचे परिणाम यांचा संबंध स्पष्ट करता येईल;
• पिल्लाला मदत करण्याच्या पायऱ्या क्रमाने लिहिता येतील;
• सूचनांच्या लेखनात विध्यर्थी क्रियापदांचा योग्य उपयोग करता येईल.

मूळ पाठ

१. पापण्या असलेली पाल

आपल्या घरातील पालीकडे नीट पाहिले, तर ती कधीच डोळे मिटत नाही, असे दिसून येते. तिला उघडझाप करणाऱ्या पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक पडदा असतो आणि त्यावर धूळ बसली, की ती जिभेने पुसून काढते. तिच्या बोटांखाली अतिसूक्ष्म केसांसारखे तंतू असलेल्या गाद्या असतात. त्यांच्या आधाराने ती छताला उलटी लटकू शकते.

ज्या पालीविषयी हा पाठ आहे, ती या दोन्ही बाबतींत वेगळी आहे. तिला पापण्या असतात, ती डोळे मिटून झोपते आणि तिच्या बोटांखाली चिकटणाऱ्या गाद्या नसतात. नख्यांच्या आधारे ती जमिनीवर व दगडांवर वावरते. इंग्रजीत तिला लेपर्ड गेको म्हणतात; बिबट्यासारखे ठिपके अंगावर असणारी पाल, असा त्याचा अर्थ. पाठात पुढे आपण तिला नुसते ‘गेको’ म्हणू. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे अभिरक्षक एडवर्ड ब्लिथ यांनी १८५४ साली या जातीचे शास्त्रीय वर्णन केले. तिचे शास्त्रीय नाव युब्लेफॅरिस मॅक्युलेरियस. या नावाच्या पहिल्या शब्दात ‘पापणी’ या अर्थाचा ग्रीक शब्द आहे, तर दुसऱ्यात ‘ठिपका’ या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. म्हणजे नावातच तिची ओळख सामावलेली आहे.

अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारत येथील कोरडा, खडकाळ मुलूख हे या गेकोचे मूळ घर. अमेरिका व युरोप येथे मात्र अनेक दशकांपासून बंदिवासात त्याची पैदास होत आली आहे आणि तेथे तो घरोघरी काचेच्या पेटीत पाळला जातो. नीट निगा राखली, तर तो पंधरा-वीस वर्षे जगतो. त्याचे काही भाऊबंद आपल्याकडेही आहेत. त्यांपैकी एक जाती महाराष्ट्र व गुजरात या राज्यांत आढळते. दुसरीचे वर्णन २०१४ साली प्रसिद्ध झाले आणि तिला सातपुडा पर्वतावरून नाव देण्यात आले. हे रानातले जीव आहेत. त्यांना पकडून घरी आणण्याचा विचारही कोणी करू नये. वन्य प्राणी पकडणे व बाळगणे यांवर आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याची बंधने आहेत. शिवाय या निरुपद्रवी प्राण्यांना विषारी समजून ठिकठिकाणी मारले जाते, हे दुर्दैव वेगळेच. वस्तुतः त्यांच्यात विष अजिबात नसते.

२. जुनी त्वचा कशी उतरते

आपल्या त्वचेचा बाहेरचा थर सतत, सूक्ष्म कणांच्या रूपाने झडत असतो; म्हणून तो आपल्याला दिसत नाही. गेकोच्या बाबतीत तसे होत नाही. जुन्या त्वचेखाली नव्या त्वचेचा संपूर्ण थर आधी तयार होतो. मग या दोन थरांच्या मध्ये द्रव पाझरतो आणि जुना थर खालच्या थरापासून सुटा होऊ लागतो. या काळात गेकोचा रंग फिका, दुधाळ, राख फासल्यासारखा दिसतो. तो सुस्त होतो आणि एखादा दिवस खातही नाही. नवशिक्या पाळणाऱ्याला तो आजारी पडला, असे वाटते. परंतु ही कात टाकण्याची पूर्वतयारी असते.

त्यानंतर तो दगडावर किंवा लाकडावर तोंड घासतो. थूथनाजवळ त्वचा फाटली, की ती तोंडात धरून ओढू लागतो. पायांवरची कात तो हातमोजा उलटा करून काढावा तशी काढतो आणि काढता काढता गिळतो. तिच्यातील पोषक द्रव्ये अशा रीतीने त्याला परत मिळतात. सारे सुरळीत झाले, तर एका दिवसाच्या आत काम आटोपते आणि फिकट पिल्लाच्या जागी लखलखीत पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे पिल्लू दिसू लागते. पिल्लांच्या अंगावर पट्टे असतात. ते वाढू लागले, की त्या पट्ट्यांचे हळूहळू ठिपके होतात.

पिल्लू झपाट्याने वाढत असते, म्हणून त्याला वारंवार कात टाकावी लागते. साधारणतः एक ते दोन आठवड्यांत एकदा ही वेळ येते. प्रौढ गेको मात्र महिन्या-दोन महिन्यांनी कात टाकतो. यावरून एक गोष्ट लक्षात घ्यावी. पेटीतील परिस्थिती बिघडलेली असेल, तर प्रौढापेक्षा पिल्लावर संकट अधिक वेळा येते आणि एका वेळची राहिलेली कात निघण्याआधीच दुसरी तिच्याखाली तयार होते.

३. अडचण कोठे येते

कात अंगभर सारख्या रीतीने अडकत नाही. पाठ आणि पोट यांवरची कात बहुधा सहज उतरते. ती अडकते बोटांवर, शेपटीच्या टोकावर आणि डोळ्यांभोवती. पिल्लाचे बोट सुतळीच्या धाग्याएवढे बारीक असते. त्यावर राहिलेले कातीचे कडे वाळते, आकसते आणि बोटाला आवळू लागते. बोटात दोरा गुंडाळून घट्ट आवळला, तर पुढचा भाग निळसर पडतो, हे आपण जाणतो. येथेही तेच घडते. रक्तपुरवठा मंदावतो, बोट सुजते, काळे पडते आणि शेवटी झडून जाते. गेकोची शेपटी तुटली, तर ती पुन्हा येते, मग तिचा आकार पहिल्यासारखा नसला तरी. गेलेले बोट मात्र पुन्हा येत नाही.

डोळ्याची गोष्ट याहून नाजूक आहे. पापणीखाली कातीचा तुकडा राहिला, तर तो बुबुळाला खुपतो. गेको डोळा मिटून ठेवतो आणि पुढे जखम होते. तो भक्ष्य प्रामुख्याने पाहून पकडतो. डोळे मिटलेल्या गेकोला समोरचा किडा दिसत नाही, तो उपाशी राहतो, अशक्त होतो आणि अशक्त गेकोची पुढची कातही नीट उतरत नाही. अशा रीतीने एका लहानशा तुकड्यातून संकटांची साखळी तयार होते.

कात अडकण्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे कोरडी हवा. थंड देशांत हिवाळ्यात खोल्या तापवल्या जातात, त्यामुळे घरातील हवा फार कोरडी होते. अशा दिवसांत काचेच्या पेटीतील ओलावाही उडून जातो. त्याखेरीज पेटीत पुरेशी ऊब नसणे, पिण्याचे पाणी न मिळणे, आहारात जीवनसत्त्वांची, विशेषतः अ जीवनसत्त्वाची उणीव, अंगावरील गोचिडीसारखे बारीक परजीवी, जुन्या जखमेचा व्रण आणि अन्य आजार हीदेखील कारणे असू शकतात. अंग घासण्यासाठी पेटीत एकही खडबडीत वस्तू नसेल, तर निरोगी पिल्लालाही सुरुवात करणे जड जाते.

पाठगत प्रश्न १

(अ) घरातील पाल आणि लेपर्ड गेको यांतील दोन फरक सांगा.
(आ) कात टाकण्यापूर्वी गेकोचा रंग कसा होतो?
(इ) बोटावर राहिलेली कात धोकादायक का ठरते?

४. कोरड्या मुलखातील ओलसर बीळ

‘हा तर रखरखीत प्रदेशातला प्राणी, त्याला ओलावा कशाला हवा?’ असा प्रश्न कोणालाही पडेल. पाळणाऱ्यांकडून होणाऱ्या चुकीचे मूळ पुष्कळदा या समजुतीत असते. पेटी कडकडीत कोरडी ठेवणे म्हणजेच तिला नैसर्गिक रूप देणे, असे ते मानतात.

प्रत्यक्षात गेको दिवसभर उन्हात बसत नाही. तो संधिप्रकाशात व रात्री हिंडतो आणि दिवसा दगडाखाली, खडकांच्या भेगांत किंवा बिळात राहतो. भर उन्हाळ्यातही एखादा मोठा दगड उलटला, तर खालची माती थंड आणि किंचित ओलसर लागते, हा खेड्यापाड्यांतील माणसांचा नित्याचा अनुभव आहे. गेकोचे घर म्हणजे वरचे तापलेले माळरान नव्हे, तर त्याखालची ही जागा होय. तेथील हवेत बाहेरच्यापेक्षा पुष्कळ अधिक ओलावा असतो आणि त्यामुळे कात मऊ राहते. आपण त्याला पेटीत आणले, तेव्हा माळरान दिले आणि बीळ द्यायचे विसरलो. हे विसरलेले बीळ परत देणे, हाच कात अडकण्यावरचा पहिला आणि मुख्य उपाय आहे.

५. मदत कशी करावी

पहिली पायरी ओलसर डब्याची. झाकण असलेला प्लॅस्टिकचा लहान डबा घ्यावा. पिल्लाला सहज आतबाहेर करता येईल एवढे भोक त्याच्या बाजूला पाडावे आणि भोकाची कड घासून गुळगुळीत करावी. आत ओले करून पिळलेले शेवाळ किंवा कागदी रुमालाच्या घड्या ठेवाव्यात. हातात धरून दाबल्यास पाणी ठिबकू नये, इतपतच ओल असावी. हा डबा पेटीच्या उबदार बाजूला ठेवावा. रोज ओल तपासावी आणि कागद वरचेवर बदलावा, म्हणजे बुरशी धरणार नाही. डब्यातील हवा दमट असावी, पण संपूर्ण पेटी दमट करू नये. पेटीतील आर्द्रता तीस ते चाळीस टक्क्यांच्या आसपास पुरे. सतत ओल्या जागेत राहिल्यास त्वचेला व फुप्फुसांना संसर्ग होण्याची भीती असते.

दुसरी पायरी उबेची. पेटीची एक बाजू उबदार आणि दुसरी थंड असावी. उबदार बाजूच्या जमिनीचे तापमान सुमारे ३० ते ३२ अंश सेल्सिअस असावे, म्हणजे पिल्लू आपल्या गरजेप्रमाणे जागा निवडते. गेको शीतरक्ताचा प्राणी आहे. बाहेरची ऊब मिळाली नाही, तर त्याच्या शरीराची सर्व कामे मंदावतात. कात टाकणे हेही त्यांपैकी एक काम आहे.

तिसरी पायरी निरीक्षणाची. कात टाकून झाल्यावर दुसऱ्या दिवशी चांगल्या उजेडात पिल्लाची पाहणी करावी. चारही पायांची बोटे एकेक करून पाहावीत. मग शेपटीचे टोक, ओठांची कड आणि पापण्या पाहाव्यात. बोटाभोवती पांढुरके, कागदासारखे कडे दिसले, तर कात राहिली आहे, असे समजावे. घाई न करता आणखी एक दिवस ओलसर डब्याचा उपयोग होतो का, ते पाहावे. पुष्कळ पिल्ले एवढ्यानेच मोकळी होतात.

चौथी पायरी कोमट पाण्याची. डब्याने काम झाले नाही, तरच तिच्याकडे वळावे. हवा जाण्यासाठी छिद्रे पाडलेल्या पसरट भांड्यात तळाशी कागदी रुमाल अंथरावा, म्हणजे पाय घसरणार नाहीत. त्यात सुमारे ३० अंश तापमानाचे पाणी ओतावे. पाण्याची पातळी पिल्लाचे पाय बुडतील इतकीच असावी. त्याचे डोके आणि पाठ पाण्यावर राहिली पाहिजेत. दहा ते पंधरा मिनिटे पिल्लाला त्यात ठेवावे. या वेळेत त्याला एकटे सोडून कोठेही जाऊ नये.

पाचवी पायरी कापसाच्या काडीची. कान साफ करण्यासाठी मिळते, तशी कापूस लावलेली काडी कोमट पाण्यात भिजवावी आणि बोटाच्या बुडापासून टोकाकडे हलक्या हाताने फिरवावी. मऊ झालेली कात आपोआप गोळा होऊन सुटते. ती सुटत नसेल, तर तेथेच थांबावे. पिल्लाला कोरडे करून उबदार जागी परत ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करावा. एका बैठकीत सर्व बोटे मोकळी झालीच पाहिजेत, असा हट्ट धरू नये.

या सर्व पायऱ्यांमध्ये एक सूत्र आहे. आपण ओलावा देतो, ऊब देतो, घासायला दगड देतो आणि थोडा वेळ देतो. कात टाकण्याचे काम पिल्लूच करते. आपला हात सर्वांत शेवटी आणि कमीत कमी लागावा.

६. काय करू नये

पिल्लू फिकट दिसू लागताच त्याची कात सोलून काढण्याचा मोह अनेकांना होतो. ही मदत घातक आहे. त्या वेळी खालची नवी त्वचा पुरती तयार झालेली नसते. वरची ओढली, तर खालची फाटते. कोरडी कात चिमट्याने धरून ओढू नये, कारण कातीबरोबर नखी किंवा बोटाचे टोक निघून येते. शेपटीला धरून पिल्लाला उचलू नये. भीतीने तो शेपटी टाकतो आणि तिच्यात साठवलेली चरबीही तिच्याबरोबर जाते. अडचणीच्या दिवसांसाठी असलेली ती त्याची शिदोरी असते.

साबण, तेल, मलम असे घरगुती पदार्थ पशुवैद्याने सांगितल्याखेरीज लावू नयेत. पापणीखालचा तुकडा काडीने किंवा नखाने उकरू नये. कात टाकण्याच्या काळात पिल्लाला उगाच हाताळू नये आणि ते खात नसेल, तर बळेच भरवू नये. जीवनसत्त्वांची पूड आहारातील किड्यांवर भुरभुरून देण्याची पद्धत आहे. ती पुडीवरील प्रमाणानेच द्यावी. अ जीवनसत्त्व कमी पडले, तर जसा अपाय होतो, तसाच ते अति झाल्यानेही होतो.

पाळणाऱ्याने स्वतःचीही काळजी घ्यावी. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात आणि त्यांच्यामुळे माणसाला अतिसाराचा आजार होतो. म्हणून पिल्लाला किंवा पेटीला हात लावल्यानंतर साबणाने हात धुवावेत. ज्या भांड्यात पिल्लाला बसवले, ते स्वयंपाकघरात परत नेऊ नये. पाच वर्षांखालील मुलांना अशा प्राण्यांपासून दूर ठेवावे.

७. पशुवैद्याकडे केव्हा न्यावे

घरच्या उपायांना मर्यादा असतात आणि ती मर्यादा ओळखणे हा शुश्रूषेचाच भाग आहे. बोट सुजले, लाल किंवा काळे पडले. डोळा मिटलेला राहिला, त्यातून स्राव येऊ लागला. पिल्लाने अनेक दिवस अन्न घेतले नाही, शेपटी बारीक होत गेली. किंवा दोन-तीन दिवसांच्या प्रयत्नांनंतरही कात सुटली नाही, तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याला दाखवावे. प्रत्येक वेळी कात अडकत असेल, तर तो कातीचा दोष नसतो. पेटीत, आहारात किंवा प्रकृतीत कोठेतरी बिघाड आहे, असे समजून त्याचा शोध घ्यावा लागतो.

अशा वेळी एक साधी वही फार उपयोगी पडते. कात टाकल्याची तारीख, राहिलेल्या कातीची जागा, पिल्लाचे वजन, त्याने खाल्लेले अन्न आणि पेटीतील तापमान यांची तिच्यात नोंद ठेवावी. पिल्लाला आपले दुखणे सांगता येत नाही. त्याच्या वतीने ही वही बोलते. दोन महिन्यांच्या नोंदी समोर ठेवल्या, तर पशुवैद्याला अंदाजाने बोलावे लागत नाही.

पाठगत प्रश्न २

(अ) योग्य पर्याय निवडा : ओलसर डबा पेटीच्या (थंड / उबदार / मधल्या) बाजूला ठेवावा.
(आ) कोमट पाण्यात पिल्लाला किती वेळ ठेवावे?
(इ) चूक की बरोबर ते लिहा : पिल्लू फिकट दिसू लागताच त्याची कात सोलून काढावी.
(ई) नोंदवहीचा उपयोग कोणता?

चला, समजून घेऊ

प्रस्तुत पाठ माहितीपर लेखनाचा नमुना आहे. लेखाच्या आरंभी परिचित पालीचे वर्णन येते आणि तिच्याशी तुलना करून अपरिचित प्राण्याची ओळख करून दिली जाते. ठाऊक असलेल्या गोष्टीकडून ठाऊक नसलेल्या गोष्टीकडे जाण्याची ही रीत माहितीपर लेखनात फार उपयोगी ठरते. त्यानंतर निरोगी स्थितीत काय घडते, हे सांगितले आहे. ते कळल्याशिवाय बिघाड म्हणजे काय, हे वाचकाला कळणार नाही. कारणे सांगितल्यावर मग उपाय येतात. उपाय आधी आणि कारणे नंतर दिली असती, तर वाचकाने ते केले असते, पण का करावे, हे त्याला उमगले नसते.

बोटाला आवळलेला दोरा आणि उलटा केलेला हातमोजा, हे दृष्टांत शोभेसाठी आलेले नाहीत. डोळ्यांना सहज न दिसणारी क्रिया त्यांच्यामुळे समजते.

भाषाभ्यास

१. विध्यर्थ : ‘डबा ठेवावा’, ‘वही ठेवावी’, ‘पाणी ठेवावे’, ‘घड्या ठेवाव्यात’ ही क्रियापदे पाहा. कर्तव्य, योग्यता किंवा सूचना व्यक्त करणाऱ्या अशा रूपांना विध्यर्थी रूपे म्हणतात. या उदाहरणांत क्रियापद कर्माच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलते. कर्माला ‘ला’ प्रत्यय लागला, तर ते बदलत नाही. जसे – ‘पिल्लाला ठेवावे’, ‘पिल्लांना ठेवावे’. नकारार्थी सूचनेत ‘नये’ हे रूप येते. जसे – ‘ओढू नये’, ‘लावू नयेत’. आज्ञार्थात (‘ठेव’, ‘ओढू नका’) समोरच्या व्यक्तीला थेट सांगितले जाते, तर विध्यर्थात सूचना सर्वांसाठी असते. म्हणून पुस्तकातील सूचना बहुधा विध्यर्थात असतात.

२. एक शब्द, दोन अर्थ : ‘कात’ हा शब्द स्त्रीलिंगी असतो, तेव्हा त्याचा अर्थ टाकलेली त्वचा, पुल्लिंगी असतो, तेव्हा विड्यात घालण्याचा पदार्थ. ‘सापाची कात’ आणि ‘विड्यातला कात’ या प्रयोगांत लिंगावरून अर्थ कळतो.

३. वाक्प्रचार : ‘कात टाकणे’ म्हणजे जुने रूप टाकून नवे, टवटवीत रूप घेणे. उदा. वाचनालयाला नवी इमारत मिळाली आणि त्याने कात टाकली. ‘मनात शंकेची पाल चुकचुकणे’ म्हणजे संशय येणे. उदा. दाराचे कुलूप उघडे दिसताच आईच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

तुम्ही काय शिकलात?

• गेकोच्या जुन्या त्वचेखाली नवी त्वचा पूर्ण तयार होते आणि मगच जुनी उतरते.
• पिल्ले वाढत असल्याने प्रौढांपेक्षा अधिक वेळा कात टाकतात.
• कात मुख्यतः बोटे, शेपटीचे टोक व डोळे यांच्याजवळ अडकते. त्यामुळे बोट झडू शकते किंवा डोळ्याला इजा होते.
• ओलसर डबा, पुरेशी ऊब आणि धीर हे मुख्य उपाय आहेत. कोरडी कात ओढणे हा अपाय आहे.
• सूज, काळेपणा, मिटलेला डोळा किंवा उपासमार दिसल्यास पशुवैद्याकडे जावे.

शब्दार्थ

अभिरक्षक – संग्रहालयाची देखभाल करणारा अधिकारी
थूथन – प्राण्याच्या तोंडाचा पुढे आलेला भाग
परजीवी – दुसऱ्या जीवाच्या अंगावर किंवा अंगात राहून जगणारा जीव
आर्द्रता – हवेतील ओलावा
शिदोरी – प्रवासात बरोबर घेतलेले अन्न. येथे, साठवून ठेवलेले पोषण
शुश्रूषा – आजारी किंवा अशक्त जीवाची सेवा

स्वाध्याय

१. कात अडकण्याची कोणतीही चार कारणे लिहा.
२. ‘आपण त्याला पेटीत आणले, तेव्हा माळरान दिले आणि बीळ द्यायचे विसरलो.’ या वाक्याचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
३. ‘आपला हात सर्वांत शेवटी आणि कमीत कमी लागावा.’ हे सूत्र तुम्हांला माणसांना मदत करतानाही लागू पडते का? आठ ते दहा वाक्यांत आपले मत मांडा.
४. पुढील आज्ञार्थी वाक्ये विध्यर्थात लिहा : (अ) कागद रोज बदल. (आ) शेपटी धरू नका. (इ) नोंदी वहीत लिही.
५. तुम्ही चार दिवसांसाठी परगावी जाणार आहात. तुमच्या घरातील एखाद्या प्राण्याची, पक्ष्याची किंवा झाडाची काळजी शेजारच्या काकू घेणार आहेत. त्यांच्यासाठी आदरपूर्वक शब्दांत सूचनांची चिठ्ठी लिहा. प्रत्येक सूचनेमागचे कारण थोडक्यात सांगा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) लेपर्ड गेकोला पापण्या असतात, घरातील पालीला नसतात. घरातील पालीच्या बोटांखाली चिकटणाऱ्या गाद्या असतात, लेपर्ड गेकोच्या नसतात. (आ) फिका, दुधाळ, राख फासल्यासारखा. (इ) ती वाळून आकसते, बोटाला आवळते व रक्तपुरवठा मंदावतो. त्यामुळे बोट झडते.

२. (अ) उबदार. (आ) दहा ते पंधरा मिनिटे. (इ) चूक. (ई) कात, वजन, आहार व तापमान यांच्या नोंदींवरून बिघाडाचे कारण शोधणे पशुवैद्याला सोपे जाते.